दोन व्यक्ती, सात दिवस, किमान दर

३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद, जरी ते द्यायची आज मुळीच इच्छा नाही.

तुझा कागद मिळाला. त्याला पत्र म्हणायला जीभ रेटत नाही. वर जावक क्रमांक, खाली शिक्का, आणि सुरुवातीला 'महोदय/महोदया', त्यातलं 'महोदय' खोडायचीसुद्धा तसदी घेतली नाहीस. तळ्याकाठच्या सहा खोल्यांच्या लॉजच्या मालकिणीने दोन व्यक्तींसाठी सात दिवसांचा किमान दर बंद पाकिटातून कळवावा, उशिरा आलेली पाकिटं उघडली जाणार नाहीत! वाचून मी इतकी हसले की चार नंबरच्या खोलीतले पाहुणे दार उघडून बघायला आले. मग हसू ओसरलं आणि जे उरलं ते तुला लिहितेय.

अरे, तू चार वर्षांचा असताना आई-बाबा पाठोपाठ गेले. सतराव्या वर्षापासून मी हे लॉजही सांभाळलं आणि तुलाही. तुझं नाक पुसायचा, तुझे गणिताचे पेपर लपवायचा, तुझ्या गालफुगीत आठ दिवस उशाशी बसायचा दर मी कधी कळवला होता? आणि आता मूल व्हायच्या आधी एकदा नवरा-बायकोनेच कुठेतरी राहून यावं असं तुझ्या मनात आलं, तर सख्ख्या बहिणीकडून दरपत्रक! पाणीपुरवठा खात्यात नट-बोल्ट खरेदी करता करता तुझी अक्कलही त्यांच्याबरोबर गोदामात जमा झालेली दिसते.

हाच कागद समुद्राकाठच्या आतेभावाला आणि तुझ्या बायकोच्या मामांनाही गेलाय म्हणे. आतेभावाने मला फोन करून विचारलं की तुझी तब्येत बरी आहे ना. मामा भला माणूस, ते तो कागद घेऊन थेट वकिलाकडे गेले.

मी काही भरून देणार नाही. यायचं असेल तर दोन पिशव्या भरा आणि या, नसेल तर घरी पंख्याखाली बसा.

बाकी क्षेम. माझी माया आहे, पण सध्या ती चिडलेली आहे.
ताई

❖

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात मुद्दे कमी आणि तोंडसुख जास्त, तरी जमेल तसं उत्तर देतो. सरळ तुझ्याकडे आलो असतो तर उद्या आतेभावानेच म्हटलं असतं की बहिणीची धन केली. तीन ठिकाणचे दर मागवले की कोणाला बोट ठेवायला जागा राहत नाही. यात अपमान कसला? मी नट-बोल्ट घेताना कारखानदारांचा अपमान होत नाही.

शिवाय तुझ्या लॉजची महती मला ठाऊक आहे. तीन नंबरमधला नळ मी शाळेत असल्यापासून गळतोय. गरम पाणी हवं तर शेजारच्या खोलीतला माणूस आधी आंघोळ उरकून बाहेर पडावा लागतो. आणि सकाळच्या ब्रेडला तू लोणी लावतेस की नुसती सुरी दाखवतेस, हे तुझ्या पाहुण्यांना अजून कळलेलं नाही. तेव्हा उगाच राजवाडा चालवत असल्यासारखं बोलू नकोस.

आमचं दोघांचं ठरलेलं आहे. आधी एक सहल, शांतपणे आणि खिशाला झेपेल अशी, आणि त्यानंतर मुलाचा विचार. मूल झालं की माणूस स्वतःचा राहत नाही, हे मी तुला सांगायला नको. म्हणून ही एक सहल नीट व्हायला हवी. पाकिटं अठ्ठावीस तारखेला उघडतो. फॉर्मची आणखी एक प्रत सोबत आहे, पहिली तू चुलीत घातली असशील म्हणून.

तब्येतीला जप. राग कमी केलास तर रक्तदाबही कमी होईल.
तुझा,
ठोंब्या

❖

१३ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानात बसून लिहितेय, तुमच्या भावाला याची कल्पना नाही. त्याने तुमचं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर म्हणाला की ताईला पद्धत म्हणजे काय ते कळत नाही. मी तुमच्या बाजूने हसले, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

तुम्हाला वाटत असेल की हे यंदाचं खूळ आहे. ताई, हे पाचवं वर्ष. पहिल्या वर्षी दोनच पाकिटं आली, तीन हवीत म्हणून सगळं रद्द. दुसऱ्या वर्षी तीन आली, तर एकावर सही नव्हती. मग एकदा दर जास्त वाटले. गेल्या वर्षी सगळं जुळून आलं, तर याने तक्त्यात 'डासांचा उपद्रव' असा नवा रकाना काढला, आणि त्याची माहिती मागवेपर्यंत माझी रजाच संपली. आता अनोळखी लॉजवाले त्याला उत्तर देत नाहीत, म्हणून पाळी नातेवाइकांवर आलीय. माझ्या मैत्रिणी माझ्या सहलीबद्दल विचारायच्या बंद झाल्यात. विचारलंच कोणी, तर ते हसण्यासाठी.

सहल गेली खड्ड्यात. पण त्याने ती मुलाच्या वाटेत आडवी घातलीय. सहल नाही तर मूल नाही, आणि सहल कधी होतच नाही. जूनमध्ये मला छत्तीस पूर्ण होतील. मी दिवसभर चष्म्याची भिंगं घासते. काल एक चार वर्षांची मुलगी आली होती. पहिलाच चष्मा. तो लावून ती खाली वाकून फरशीवरच्या रेघा बघत बसली, उठायलाच तयार नाही. मी आत जाऊन मशीन सुरू केलं, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मला मूल हवंय, ताई. आणि ज्या माणसाकडून हवंय तो चार पैशांसाठी दर वर्षी ते पुढे ढकलतो, म्हणून तो माझ्या मनातून उतरत चाललाय. रात्रंदिवस ज्याच्याबरोबर राहायचं त्याची अशी कीव करत राहणं फार वाईट असतं.

एवढं करा, तो फॉर्म भरा. इतका कमी दर लिहा की त्याला नाही म्हणायला तोंडच उरणार नाही. वरची तूट मी गुपचूप भरून देईन.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू द्या, आणि हे पत्र फाडून टाका.
तुमची,
भिंगवाली

❖

२० फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

घे, भरला तुझा फॉर्म. चष्मा लावून, खाडाखोड न करता, बंद पाकिटात. दर शून्य. खोली सहा नंबरची, जिच्या खिडकीतून अख्खं तळं दिसतं आणि जी मी फक्त नवविवाहितांना आणि मंत्र्यांना देते. जेवणाचा दर शून्य, चहाचा शून्य, माझ्या टोमण्यांचा शून्य, कारण तुम्ही असेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. नळ काल बदलून घेतला. डास आहेत, पण ते माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना सांगून ठेवते. 'दर किती दिवस वैध राहील' असा एक विनोदी रकाना आहे, तिथे मी 'मी मरेपर्यंत' असं लिहिलंय.

याहून स्वस्त जागा तुला या पृथ्वीवर मिळणार नाही. आता यायचं. नाही आलास तर मला कळेल की तुला मुळात जायचंच नाहीये, आणि मग तुला चिक्कूसुद्धा म्हणता येणार नाही. चिकट माणूस फुकट मिळालेलं सोडत नाही.

भिंगवालीला आशीर्वाद. सात वर्षं ती तुझ्याजवळ राहिली, यातच तिचा मोठेपणा आला.

वाट बघते, आणि वाट बघायची मला सवय नाही.
ताई

❖

१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटं उघडली. तुझा दर सर्वांत कमी आहे, परंतु तो स्वीकारता येत नाही. शून्य दराने काम करणारा पुरवठादार पुढे काम अर्धवट टाकतो, असा आमच्या खात्याचा अनुभव आहे. सबब या वर्षीची प्रक्रिया रद्द करून पुढील वर्षी नव्याने दर मागवण्यात येतील.

इथवर टाइप केलं आणि माझी चोरी पकडली गेली. फॉर्मची पाकिटं कचऱ्याच्या टोपलीत दिसल्यावर बायकोने कपाट उघडलं, कपडे पिशवीत भरले, परत काढले आणि खुर्चीवर बसून राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तशा नजरेने मी खराब माल परत पाठवताना बघतो. म्हणून पुढचं हाताने लिहितोय, आणि तिला न दाखवता पाठवतोय.

तू लिहिलंस की मला जायचंच नाहीये. बरोबर आहे. गेलो की पुढचं आलं. ताई, मी नऊ वर्षांचा होतो. तळ्याची खोली मोजायला आलेला तो इंजिनियर वर्षभर आपल्याकडे राहिला आणि मग गेला. त्यानंतर एकदा मागच्या अंगणात तू आणि धोबीण चादरी वाळत घालत होता. मी चादरींच्या पलीकडे लपलो होतो, तुला दचकवायला. तू तिला म्हणालीस की हा पोरगा नसता तर आज मी इथे चादरी झटकत नसते, याने माझं आयुष्य खाल्लं. मी दचकवलं नाही. मी कुंपणाजवळ जाऊन बसलो.

तुझ्याकडून मी एकदा सगळं फुकट घेतलंय. आता पुन्हा शून्य दर नको. आणि एक लहान जीव माणसाचं काय करतो ते मी स्वतः करून पाहिलंय. मी ते बायकोचं होऊ देणार नाही. तिला मी चिक्कू वाटतो, ते बरं आहे.

यावर उत्तर नाही दिलंस तरी चालेल.
ठोंब्या

❖

६ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून.

दोन दिवस मी पाहुण्यांशी धड बोलले नाही. एकाला मीठ मागितल्याबद्दल झापलं. आयुष्यभर मी लोकांना तुच्छ लेखत आले, ती सवय परवा माझ्यावरच उलटली.

हो, मी तसं म्हणाले होते. नाही म्हणत नाही. पण तू अर्धंच ऐकलंस, कारण उरलेलं अर्धं मी कधी कोणाला सांगितलंच नाही. तो इंजिनियर आपल्या दोघांनाही न्यायला तयार होता. तुझ्यासाठी त्याने आपल्या गावातली शाळासुद्धा बघून ठेवली होती. नाही मी म्हणाले. तो तोंड उघडं ठेवून जेवायचा, माझ्या हिशोबातल्या चुका चारचौघांत काढायचा, आणि त्याच्या घरी जाऊन मी कोण असेन याची मला भीती वाटली. पण 'मला तू आवडत नाहीस' आणि 'मला भीती वाटते' हे म्हणायची छाती नव्हती. म्हणून मी तुला पुढे केलं. धाकटा भाऊ आहे हो, त्याला सोडून कशी येऊ. सगळे हळहळले, किती त्याग म्हणाले. मला ते इतकं गोड लागलं की पुढे तीस वर्षं मी तेच खात राहिले. कोणाकडे राहायला जायचं नसलं की तू, लॉज वाढवायची हिंमत नसली की तू. नऊ वर्षांच्या पोराला छत्रीसारखं डोक्यावर धरून उभी राहिलेली एक भित्री बाई, एवढीच तुझी ताई. जगातल्या सगळ्या माणसांना नावं ठेवली मी, एक हिला सोडून.

तू माझं आयुष्य खाल्लं नाहीस रे. तू शाळेत गेलास की दुपार मला खायला उठायची. पायऱ्यांवर तुझ्या बुटांचा आवाज आला की मी उगाच काहीतरी कामात असल्यासारखं दाखवायचे, कारण वाट बघत होते हे तुला कळायला नको होतं. तू मला हवा होतास. हे मी तुला कधीच म्हटलं नाही, आणि चादरी झटकताना एका धोबिणीला दुसरंच काहीतरी म्हणून बसले. त्यापायी ती पोर पाच वर्षं ताटकळतेय.

तिला सांग. आजच सांग, सगळं. नाही सांगितलंस तर मी येऊन सांगेन, आणि मी कशी सांगते ते तुला माहीत आहे. आणि माझा दर मी मागे घेते. इथे येऊ नका. सहल दोघांची आहे, त्यात मी कशाला.

माझ्यावर राग धर, तो वाजवी आहे. फक्त तिच्यावर काढू नकोस.
ताई

❖

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. तुझं पत्रही वाचायला दिलं. वाचून झाल्यावर ती भडकली. पाच वर्षं ती मला चिक्कू समजून शिव्या घालत होती, आता त्या सगळ्या वाया गेल्या आणि नव्या शोधाव्या लागणार, असं म्हणाली. मग तिने मला मूर्ख म्हटलं, तीनदा, आणि तिसऱ्यांदा म्हणताना रडली. भीती तिलाही वाटते, ताई. मला वाटायचं ती मलाच आहे.

उद्या सकाळी निघतोय. कुठे ते तिने ठरवलं. मी काही विचारायला तोंड उघडलं, तिने माझ्याकडे बघितलं, मी ते मिटलं.

तुझ्यावर राग आहे. तो इतक्यात जाणार नाही, आणि पत्रातून तर नाहीच जाणार. परत आलो की आठ दिवस तुझ्याकडे येतो, तिथे समोरासमोर भांडू. तोवर तू एक काम कर. लहान मूल सांभाळायला काय काय लागतं ते आठवेल तसं लिहून काढ. ताप आला की काय करायचं, रात्री उठून रडलं की काय सांगायचं, खोटं बोललं की ओळखायचं कसं. घाई नाही, पण लिहायला घे, आणि अक्षर जरा बरं काढ. सतरा वर्षांच्या एका मुलीने, एकटीने, कोणाला न विचारता वाढवलेला नग कसा निघाला ते तू बघतेच आहेस. आम्ही दोघं आहोत आणि वयानेही मोठे आहोत. यापेक्षा थोडा बरा काढू, अशी आशा आहे.

पायांवर डोकं ठेवतो, रागासकट.
तुझा,
ठोंब्या