लबाडीचा दगड

लुईस बेट,
९ मे १९६८

कर्स्टी, माझे धाकटे,

हातपाय चालतात ना? माझे गुडघे सोडले तर बाकी सगळं चालतं, जीभ तर पळते. यंदा जळणाची माती लवकर कापून झाली. हेरिंग मासा मात्र औषधालाही नाही. शाळेत आपल्याला इंग्रजीच घोकायला लावली, म्हणून आपली भाषा मी बोलते तशीच लिहिते. चुका दिसल्या तर दिसू देत.

इथे शीना नावाची पोरगी आलीय, एडिनबराच्या विद्यापीठातून. टेपचं यंत्र घेऊन फिरते आणि दिसेल त्या डोंगराचं, ओढ्याचं नाव नि अर्थ विचारते. शेजारच्या हॅरिसची आहे, त्यामुळे बोलते जरा वाकडं. पण तीन कप चहा पिते, म्हणजे माणूस बरं. मी म्हटलं, "नकाशात उजेडाची टेकडी लिहिलंय ना, ती कोठाराची टेकडी. मोजणीवाल्या साहेबांच्या कानात लोकर होती." पोरगी हसून लोळायचीच बाकी राहिली.

एका सकाळीत बावन्न नावं सांगितली. उन्हाळ्यात गुरं घेऊन आपण वर राहायचो, ती अख्खी वाट तोंडातून आपसूक निघाली. तू कुठल्या ओढ्यात दुधाची चरवी गार करत ठेवायचीस, तेसुद्धा. आपली झोपडी आता नुसता गवताचा उंचवटा आहे.

मग तिने लिहिलेल्या यादीत बोट ठेवलं क्लाख ना ब्रेगेवर. "आजी, लबाडीचा दगड? हे कशावरून?"

"फार जुनं आहे गं. कुणा चोराने तिथे खोटी शपथ घेतली."

तिने लिहून घेतलं. फार जुनं म्हणे! पंचेचाळीस वर्षं.

त्या उन्हाळ्यात आपली ब्लारग गाय हरवली म्हणून तू शोधायला गेलीस. दुपारभर त्या दगडावर उभी राहून गाईला हाका मारत होतीस. खाली किनाऱ्याला टॉर्कलची होडी लागली, तो तुझ्याशी दोन शब्द बोलला, ते लोकांनी पाहिलं. तू परतलीस तर ब्लारग गोठ्यात रवंथ करत उभी. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दगडावर बसून गाय शोधत होती म्हणे! लबाडीचा दगड तो." गाव टॉर्कलचं नाव घेत हसलं. नाव चिकटलं. रूअरीच्या घरच्यांनी तुझं ठरलेलं लग्न मोडलं आणि तू कॅनडाच्या जहाजावर चढलीस.

गाय खरंच हरवली होती, कर्स्टी. मला ती खालच्या ओढ्यात सापडली, मीच घरी आणली आणि कुणाला बोलले नाही. बोलले असते तर हशा कसा पिकला असता? नंतर तोंडच उघडेना. आई मरेपर्यंत तुला खोटारडी समजत होती, तरी नाही उघडलं.

शीना माझ्याकडे तपासायला ठेवलेले कागद न्यायला मंगळवारी येणार. एकदा छापलं की चोराचीच गोष्ट खरी. मी तुझी परवानगी मागत नाही, सांगतेय. यंत्र चालू करायला लावून सगळं बोलणार, माझ्या नावानिशी. दगडाचं नाव बदलायला नको, ते बरोबरच आहे. लागलं तेवढं चुकीच्या माणसाला.

हे पत्र तुला मिळेल तोवर माझं बोलून झालेलं असेल. दर नवीन वर्षाला तू कार्डावर नुसती सही करतेस. यंदा शिवी लिहिलीस तरी चालेल, पण दोन ओळींची लिही.

तुझी बहीण, अजून म्हणवून घेता येत असेल तर,
ओयरिक