‘हिवाळी पहारा’ रंगमंचावर

३ मार्च
कॅम्पसवर परत. अठरा महिने हातात बंदूक होती, आता पेन. शेवटचं वर्ष.
नाट्यक्लबच्या खोलीत गेलो. सोफा तोच, बसलेली माणसं नवी. एका मुलीनं विचारलं, हीटर दुरुस्त करायला आलात का. मी इथला जुना मेंबर, मिलिटरी सर्व्हिस करून आलोय, म्हटल्यावर सगळे ताडकन उठले आणि ‘सनबेनिम, सनबेनिम’ करत कमरेत वाकले. सनबेनिम म्हणजे मानाचा सीनियर; दरारा म्हणतात तो हा. मग कुणीच खाली बसेना, म्हणून मी निघालो.

५ मार्च
नाटक तयार आहे. ‘हिवाळी पहारा’. तीन अंक, एकशे बारा पानं, दोन तास पन्नास मिनिटं. दोन शिपाई, एक चौकी, बर्फ. चौकीवर हातमोजे काढून लिहिलंय.
मिलिटरीत जाताना क्लबच्या त्या वेळच्या प्रेसिडेंटनं खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, जाऊन ये, पुढचं नाटक तुझं. तो आता बुसानला विमा विकतो आणि फोन उचलत नाही. पण शब्द तो शब्द.
बाबांची अट आहे. मे महिन्यापर्यंत काय ते नाटक करून घे, नंतर सरकारी परीक्षा. म्हणजे हा एकच चान्स. आयुष्यात एकदा तरी माझं नाटक त्या स्टेजवर, त्या उजेडात बघायचंय. बाकी काही नको.
संकल्प: रोज पहाटे सहाला उठून दुसरा अंक घासायचा.

६ मार्च
साडेदहाला उठलो. दुसऱ्या अंकाला घासायची गरजच नाही.

९ मार्च
तेरा कॉपी काढल्या, पुठ्ठ्याचं बाइंडिंग, वर मोठ्या अक्षरात नाव. प्रत्येकाला स्वतः नेऊन दिली. हारांग, हल्लीची प्रेसिडेंट, तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं दोन्ही हातांनी घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाली, सनबेनिम, केवढं जाड आहे हो!
पहिली प्रतिक्रिया उत्तम.

१२ मार्च
ज्युनियर मंडळींना तिखट चिकन खायला नेलं. सीनियर बरोबर असला की खिसा सीनियरचाच, त्यात बोलायचं काय. आठ जण आले. नाटकाबद्दल बोलायला गेलो की कुणीतरी आणखी एक प्लेट मागवायचं. मोठ्यांसमोर पिताना तोंड बाजूला वळवतात, तसं सगळ्यांनी वळवलं. इनये म्हणून दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तर शेवटपर्यंत तोंड वळवूनच बसली होती. किती संस्कारी!
खाल्ल्या मिठाला जागतील.

१५ मार्च
त्या इनयेनंही नाटक सुचवलंय म्हणे! अडतीस पानं. भाड्याच्या खोलीत तीन मुली नूडल्स शिजवतात आणि बोलतात. संपलं. हे नाटक?
तिला बोलावून अर्धा तास समजावलं. नाटकाला संघर्ष लागतो, थंडी लागते, मरण लागतं. बिचारीनं सगळं वहीत लिहून घेतलं. शेवटी विचारलं, सनबेनिम, बोलताना त्यांना भूकसुद्धा लागू नये का? मी म्हटलं, नको.
जाता जाता हारांगनं शंका काढली. क्लबात आम्ही नऊ मुली आहोत, तुमच्या नाटकात मुलगी कुठाय? सांगितलं, मुली बर्फ होतील. बर्फाचं काम फार महत्त्वाचं आहे. ती ‘हो का’ म्हणाली. पटलेलं दिसलं.

१८ मार्च
आज खोलीत टेबलावर माझी एक कॉपी पडली होती. पुठ्ठ्यावर गोल तपकिरी डाग, अजून कोमट. म्हणजे कुणीतरी जेवतानासुद्धा खाली ठेवू शकलं नाही. डोळे भरून आले.

२० मार्च
उद्या निवड. तेरा मतं. चिकनची आठ, चांगसूचं एक. चांगसू माझ्याच बॅचचा, माझ्याच रूमवर झोपतो, माझंच टूथपेस्ट वापरतो. म्हणजे नऊ कुठं गेली नाहीत.
माझं मत मात्र मला घालणार नाही. आपलंच नाव आपण लिहायचं हे सीनियरला शोभत नाही. शिवाय त्या पोरीला भोपळा मिळाला तर रडेल. माझं एक तिला देऊन टाकतो. मोठ्यानं मोठ्या मनानं वागावं.

२१ मार्च
पहिला अंक पूर्ण वाचला. पन्नास मिनिटं. पिनड्रॉप सायलेन्स. चांगसूच्या डोळ्यांत पाणी होतं. (नंतर कळलं, जांभया.) प्रश्न एकच आला: मे महिन्यात बर्फ कुठून आणायचा?
इनयेनं आठ मिनिटं वाचलं. लोक हसत होते. हसू काय, कुत्र्याचं पिल्लू पाहूनही येतं.
चिठ्ठ्या नूडल्सच्या रिकाम्या कपात टाकल्या. हारांगनं एकेक उघडली. इनये. इनये. इनये. चौथीपर्यंत मी कौतुकानं हसत होतो. सातवीला पाणी प्यायलो. अकरावीला खिडकीबाहेर पाहिलं. तेरावी पण इनये.
तेरा–शून्य. हारांगनं कप उलटा करून बुडावर दोनदा टिचकी मारली, माझ्यासाठी एखादी चिठ्ठी चिकटून बसली असेल म्हणून. ते नसतं केलं तरी चाललं असतं.
दारात चांगसूला गाठलं. म्हटलं, तू सुद्धा? तो म्हणाला, अरे, मला वाटलं तुझं तू एक घालशीलच. भोपळा थोडाच पडेल? म्हणून मी तिला दिलं.
खाल्ल्या मिठाला कुणी जागत नाही. तिखटाला तर नाहीच.

२२ मार्च
राजीनामा दिला. दोन पानी.

२३ मार्च
फेरमोजणी मागितली. एकही मत नाही, हे शक्यच नाही. हारांग ‘बरं सनबेनिम’ म्हणाली आणि दोन्ही हातांनी चिठ्ठ्या पुढ्यात ठेवल्या. मोजल्या. तेरा. त्यातली एक माझ्या अक्षरातली. तीच सगळ्यांत सुवाच्य.
राजीनामा परत घेतला. अजून कुणी उघडलाच नव्हता.

८ एप्रिल
मला दारावर तिकिटं फाडायचं काम दिलंय. प्रेक्षकांशी पहिला संबंध माझा. जबाबदारीचं काम आहे.
आज इनये आली. खाली मान घालून म्हणाली, सनबेनिम, तुमचं स्क्रिप्ट आमच्या नाटकात घेतलं तर चालेल का? दुसऱ्या प्रवेशात हवंय.
मला माहीत होतं! अडतीस पानांत जीव नाही हे शेवटी तिलाही कळलं. नाटकातल्या मुली माझं नाटक वाचणार. कुठला भाग, किती पानं, काही विचारलं नाही. लगेच ‘घे’ म्हटलं. ती म्हणाली, नक्की ना? राग नाही ना येणार? राग कसला, वेडे.
घरी फोन केला. बाबा, मे महिन्यात माझं नाटक स्टेजवर येतंय. बाबा म्हणाले, त्या दिवशी दुकान बंद ठेवतो. सोकचोच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान आहे आमचं. ते आजीच्या अंत्यविधीला सोडून कधी बंद राहिलेलं नाही.

१७ मे
बाबा आले. लग्नातला सूट, हातात सगळ्यांना वाटायला ज्यूसचा बॉक्स. त्यांचं तिकीट मीच फाडलं. तिसऱ्या रांगेत बसवलं आणि मी मागे उभा राहिलो.
दुसरा प्रवेश. एक मुलगी उकळतं पातेलं घेऊन आली, खऱ्या वाफा. हात भाजतोय, लवकर, कुठं ठेवू म्हणून ओरडली. दुसरीनं शेल्फवरून एक जाडजूड बाड ओढलं, जमिनीवर टाकलं, त्यावर पातेलं.
पुठ्ठा प्रेक्षकांकडे. ‘हिवाळी पहारा’. लेखक: जू ग्वानहो.
हॉल हसला. हसणारच. न वाचलेल्या पुस्तकाचं हेच काम, घरोघरी. आमच्याही घरी. तो कोमट डाग मला तेव्हा आठवला.
बाड नऊ मिनिटं स्टेजवर होतं. पूर्ण उजेडात. तिघींनी नूडल्स संपवले, अंधार झाला. नाटक चांगलं होतं. लिहून ठेवतो, कारण तोंडानं म्हणणं जमणार नाही.
बाहेर बाबांनी विचारलं, तुझं कधी आलं? मी चष्मा पुसत होतो. म्हटलं, आलं की. पातेल्याखाली.
बाबा ज्यूसच्या रिकाम्या बॉक्सकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, पातेलं जरासुद्धा हललं नाही हं. चांगलं जाड आहे.
बाबांना बसपर्यंत सोडलं. परीक्षेचा फॉर्म मंगळवारपर्यंत भरायचा आहे. उद्याच भरतो.