तू यायच्या आधीची गोळी

सृष्टी माय,

भाकरी दुरडीत हाय, वरण गरम करून घे. मी दवाखान्यात भरती व्हायला चाललोय. आतड्याची जुनी सूज भोवली. जंतू लिव्हरात गेले अन् तिथं पू झाला. उद्या सुईनं काढतेत. चाकूरला तुझ्या आईला फोन केलाय. तू उद्याची क्लासची टेस्ट बुडवू नको.

इतके दिवस ताप अंगावर काढला म्हणून डॉक्टर लई ओरडले. काय सांगू त्यांना? क्लासहून आल्या आल्या तू माझ्या कपाळाला हात लावायचीस, म्हणून तू यायच्या आधीच मी तापाची गोळी घेऊन बसायचो. तीन आठवडे तुला फसवलं.

आज गोळी घेतली न्हाई. वरचं टेस्टचं खोडून टाक. आधी दवाखान्यात ये, अन् हात लावून बघ.

— बाबा