निळं खनिज कुणी काढायचं?

३ जून
ठरलं. समुद्राच्या तळाचं निळं खनिज मीच काढणार. त्याशिवाय लोखंडी जहाज नाही, आणि जहाजाशिवाय आमचं कुटुंब गेममधल्या या बेटावर कुजणार. बायको म्हणाली, बरं चाललंय की इथं. व्हिजन नाही.

४ जून
गेलो नाही. आधी अभ्यास. पोट बिघडल्याचं ऑफिसला कळवून दिवसभर व्हिडिओ पाहिले. तळाशी अंधार, खोलीचा दाब, शिवाय एक अजस्र ईल मासा. या जगात एकदा मेलं की संपलं. आपण बांधलेलं सगळं आपल्याबरोबर गायब.

६ जून
जेवताना मीटिंग घेतली. नेत्याने वर थांबून सूत्रं हलवायची असतात, हे समजावलं. खाली सासरे जातील. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ते आमच्याकडेच आहेत, वेळच वेळ आहे. रिस्क जवळजवळ शून्य, असं मी सांगितलं. त्यांनी फक्त चष्मा पुसला. म्हणजे होकार.

७ जून, संध्याकाळ
सासरे गेले. म्हणजे गेममध्ये.
मी मागे उभा राहून डावीकडे म्हणालो. उजवीकडे म्हणायचं होतं. ईलने एका घासात संपवलं. त्यांची भाजीची बाग गेली, घर गेलं, किनाऱ्यावर सासूबाईंच्या आठवणीत बांधलेला बाकही गेला. कंट्रोलर हातात धरून त्यांनी हळूच विचारलं, संपलं का?
बोटं जरा चपळ हवी होती, असं मी मोकळेपणाने सांगितलं. फीडबॅक वेळेवर द्यावा. बायकोने भांडी आपटली.

८ जून
सासरे आज चालायला उठले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणे. हवाच तशी आहे.

१० जून
त्यांच्या सन्मानार्थ स्वतः उतरलो. ईल झोपला होता. खनिज सापडलं! टिकाव मारला, मारत राहिलो. दगडी टिकावाने ते फुटतच नाही, लोखंडी लागतो. सासऱ्यांकडेही दगडीच होता. म्हणजे ते पोचले असते तरी उपयोग नव्हता.
घरात सांगितलेलं नाही. उगाच कशाला त्रास.

११ जून
बायकोला माहीत आहे. सासऱ्यांनाही माहीत होतं, उतरण्याआधीपासून. टिकावावर तसं लिहिलेलंच आहे म्हणे, त्यांनी चष्मा लावून वाचलं होतं. मग गेलेच कशाला, असं मी विचारलं. तर ते तिला म्हणाले होते, ज्यांच्या घरात राहतो त्यांना नाही कसं म्हणायचं?
सरळ बोलायला काय झालं होतं. मी काय कुणाला खातो?

१२ जून
मेहुणा गाडी घेऊन आला. सासरे आता त्याच्याकडे राहणार. मी म्हणालो, नवीन पात्र तयार करा, पुन्हा खेळू. ते म्हणाले, नको जावईबापू, तुम्ही खेळा.
जिन्याशी मी हात पुढे केला. त्यांनी कठडा धरला.