बेचाळीस ठोक्यांची कविता

कुवेत,
ता. ४ फेब्रुवारी १९७९

श्री. सयाजीराव यांस,

इब्राहिमचा सलाम पोचावा. वहिनींचा गुडघा कसा आहे? निगडीच्या घराला पाणी रोज येतं की अजून एक दिवसाआड? मी खुशाल आहे. काम पंपदुरुस्तीचं, खोली बरी, शुक्रवारी सुट्टी. पुढचं सगळं त्या सुट्टीमुळे घडलं.

इथल्या मराठी मंडळाचं कविसंमेलन सेक्रेटरी अण्णासाहेबांच्या फ्लॅटवर झालं (दोन तारखेला, सकाळी दहाला, सुरू झालं दहा बावीसला). चौदा कवी, प्रत्येकी चार मिनिटं. बहुतेक डॉक्टर नाहीतर इंजिनियर. सातवी पास मी एकटाच, पण कविता घड्याळ लावून तपासून आणलेलाही मी एकटाच. आपली लोखंडावरची कविता घेतली होती. आठ कडवी, तीन मिनिटं त्रेचाळीस सेकंद.

तुम्हाला ठाऊक आहे, ती मी चिंचवडला पत्रा दाबायच्या तीन नंबरच्या प्रेसवर उभा राहून रचली. प्रेसचे मिनिटाला बेचाळीस ठोके. चार ठोक्यांत एक ओळ, कडवं संपलं की चार ठोके मोकळे. कँटीनची भिंत प्रेसशॉपला लागून, म्हणून तुम्हा मंडळींपुढे वाचतानाही ठोका मिळायचा. इथं सगळं शांत (एअरकंडिशनर होता, पण त्याला ताल नाही). पहिली ओळ मी सवयीने प्रेसशॉपच्या आवाजात काढली, तशी अण्णासाहेबांची नात झोपेतून उठली. कडवं संपलं आणि मी ठोक्यांची वाट बघत थांबलो. ठोके येईनात. लोकांना वाटलं कविता संपली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा तेच. तिसऱ्याला मी पायाने ठोका धरला, तर खालच्या मजल्यावरचे मिसरी (म्हणजे इजिप्तचे) गृहस्थ वर येऊन चौकशी करून गेले. ते गेल्यावर तिसऱ्यांदा टाळ्या पडल्या आणि माझी वेळ संपली.

अण्णासाहेब म्हणाले, "इब्राहिमभाई, तिन्ही कविता छोट्या ठेवल्यात, फार बरं केलंत."

मी सांगितलं, ती एकच आहे, आणि पाच कडवी अजून बाकी आहेत.

"मग वाचलो म्हणायचं," ते म्हणाले. डॉक्टर मंडळी हसली. मी हसलो नाही. त्यांनाच वाईट वाटलं असावं. नऊ मार्चला पुन्हा या म्हणाले, पण तेव्हाही अडखळलात तर पाडव्याच्या कार्यक्रमाला तुमच्याकडे खुर्च्यांचं काम. सयाजीराव, कंपनीच्या गणपतीत पंधरा वर्षं मी खुर्च्याच मांडल्या. त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नव्हती.

खोलीवर येऊन कविता पुन्हा तपासली. तिच्यात दोष नाही.

वहिनींना सलाम, मुलांना दुवा.

आपला,
इब्राहिम

ता. क. : सुरय्याला मी लिहिलं आहे की तीनदा टाळ्या पडल्या. ते खरं आहे. बाकीचं माझ्या बायकोला कळायची गरज नाही.

ता. क. २ : माझ्या धाकट्या भावाकडे, कादरकडे, टेपरेकॉर्डर आहे. तो घेऊन तीन नंबरचे ठोके एका कॅसेटवर भरून द्यावेत. चार नंबर नको, तिचा क्लच उशिरा धरतो. शेजारी कोणी बोलू नये. सांगवीचे सोपानराव अठ्ठावीसला इकडे यायला निघतात, त्यांच्या हाती द्या.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार तोच कादरचं पत्र आलं. तीन नंबरची पुली बदलली, ती आता साठ ठोक्यांनी चालते म्हणे. साठाला माझी कविता दोन मिनिटं छत्तीस सेकंदांत उरकते आणि तेवढा दम मला नाही. तुम्ही मेंटेनन्सला आहात. जुनी पुली स्टोअरमध्ये असेलच. जेवणाच्या सुट्टीत चढवा, पाच मिनिटं टेप करा, उतरवा. साहेबांनी विचारलं तर काहीही सांगा, पण ठोके घड्याळ लावून मोजा. एक्केचाळीस भरले तर कॅसेट पाठवू नका. मग मी नऊ तारखेला आजारी आहे असं अण्णासाहेबांना कळवीन.