त्यातलं आईचं कोणतं

फ्रुंझे,
२६ मे १९८६

ती. मुकाशदादास,
बुरुलचा सलाम, वि. वि. काल स्टेडियमवरचा आमच्या मंडळाचा पहिला कार्यक्रम पार पडला. वीस हजार माणसं होती म्हणतात; मला तर समोर नुसती डोकीच डोकी दिसत होती. गिटारवाल्यांच्या गोंगाटात माझा तीन तारांचा कोमूझ कोणाला ऐकू जाणार, अशी धास्ती होती. पण तिसऱ्या गाण्याला मी एकटीच तारा छेडत पुढे आले आणि सगळं मैदान चिडीचूप झालं. आता उन्हाळाभर हेच: अल्मा-आता, ताश्कंद, मधे दोन संगीत उत्सव, आणि जुलैअखेर परत इथेच.

मनात एकच गोष्ट डाचते आहे. मी निघाले तेव्हा आईने तोंड फिरवलं ते फिरवलंच. सात गावांत कोणी गेलं की शोकगीत म्हणायला तिलाच बोलावणं येतं. तिच्या लेखी गाणं म्हणजे तेवढंच. जिथे कोणी मेलं नाही की कोणाचं लग्न नाही तिथे गाऊन कोणाचं भलं होणार, असं म्हणाली. मीही तडकले, मग मला हाक मारू नकोस म्हणाले. दादा, ती माझ्याबद्दल काही बोलते का, एवढं कळव. आणि लवकर वहिनी आण, म्हणजे रागवायला तिला घरातच कोणीतरी मिळेल.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी बुरुल

तोसोर,
२ जून

चि. बुरुल हीस अ. उ. आ.
पत्र पावलं. आईला खोकला झाला आहे. दवाखान्यातल्या बाई तपासून गेल्या. छातीत सर्दी आहे, पंधरा दिवसांत हिंडूफिरू लागेल म्हणाल्या. तू काळजी करू नकोस. अल्मा-आताचा कार्यक्रम सात तारखेला आहे ना? तिकडे लक्ष दे.

तुझ्याबद्दल म्हणशील तर आई अजून काही बोललेली नाही. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. वहिनीचं म्हणशील तर स्टेडियमवर गाणाऱ्या नणंदेला गावातल्या मुली घाबरतात, त्याला मी काय करू?

माया आहेच, वेगळं काय लिहू?
मुकाश

नारिन,
१३ जून

चि. मुकाश यास उमसुनायमावशीचे अ. उ. आ.
मी घाट उतरून सुखरूप पोहोचले. माझी बहीण ऐमकान गेली त्याला आज आठ दिवस झाले. युर्तच्या तंबूत भिंतीकडे तोंड करून मी तिचं शोकगीत म्हटलं, पण शेजारची लेकीची जागा रिकामी होती. जिने सात गावांतल्या मेलेल्यांसाठी गळा सुकवला, तिच्यासाठी तिची लेक नाही. आलेल्या बायका त्या जागेकडे बघत होत्या आणि मला मान वर करता येत नव्हती.

लांब असलेल्याला मरणाची बातमी पत्राने द्यायची नाही, वडीलधाऱ्यांनी समोर जाऊन द्यायची, ही रीत मला शिकवू नकोस. ती रीत माणसाला सांभाळून सांगण्यासाठी आहे, उन्हाळाभर न सांगण्यासाठी नाही. कळलं तर दुखवट्यामुळे बुरुलला वर्षभर गाता येणार नाही, मंडळातली जागा जाईल, हे तुझं म्हणणं मी ऐकलं. तू घरचा कर्ता म्हणून गप्प बसले. पण निदान खोटं लिहू नकोस. माझे गुडघे असे, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला येणं व्हायचं नाही.

तुम्हा दोघांना देव सांभाळो.
उमसुनाय

तोसोर,
२२ जून

चि. बुरुल हीस अ. उ. आ.
आई आता बरी आहे. तुझं अल्मा-आताचं गाणं रेडिओवर लागलं तेव्हा कणीक मळता मळता थांबली. पोरीचा आवाज उघडला, म्हणाली. गाताना खांदे पाडून उभी राहू नकोस, घसा तापलेला असताना थंड पाणी पिऊ नकोस, असंही सांगितलं. आणि म्हणाली, राग आता उरला नाही. ही सगळी तिचीच वाक्यं, मी फक्त लिहितो आहे.

तू खुशाल गा. इकडे सगळे मजेत.
मुकाश

ताश्कंद,
६ जुलै

ती. मुकाशदादास,
बुरुलचा सलाम, वि. वि. तुझी जूनमधली पत्रं उशाशी ठेवली आहेत. कार्यक्रमाआधी मुली आरशापुढे बसतात, मी पत्र काढून बसते. सगळ्या चिडवतात की कोणाचं आहे. आईचं आहे म्हटलं की हसतात. खांदे आता पाडत नाही. राग उरला नाही म्हणाली, हे वाचून मी गल्लीत उभी राहून रडले, आणि मग भूक लागली म्हणून तीन नान खाल्ले.

आता ऐक. चौदा तारखेला दुपारी इथल्या उत्सवाचा कार्यक्रम रेडिओवर थेट लागणार आहे. मी आईचं नाव घेऊन लग्नातलं ते व्याह्यांची टर उडवणारं गाणं म्हणणार आहे. तिला रेडिओजवळ बसव. आवाज मोठा कर, शेजारच्यांनाही ऐकू दे.

तुम्हा दोघांची माया अशीच राहो.
बुरुल

तोसोर,
१५ जुलै

ती. उमसुनायमावशीस मुकाशचा सलाम, वि. वि.
काल आईचा चाळिसावा झाला. मी आमचा रेडिओ सकाळीच बंद करून फडताळात ठेवला होता. शेजारच्यांना सांगायचं मात्र राहिलं. अंगणात निम्मं गाव जेवायला बसलं होतं, मटण वाढत होते, आणि त्यांच्या खिडकीतून बुरुलचा आवाज आला. तोसोरच्या माझ्या आईसाठी, ऐमकानसाठी, असं म्हणून हसली आणि गाऊ लागली. ते गाणं तू जाणतेस.

कोणी घास उचलला नाही. मी खिडकीकडे धावलो तर म्हाताऱ्या बायकांनी मला अडवलं. त्यांच्यातली एक म्हणाली, "राहू दे. लेकीचं आहे ते." सगळ्या खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकत बसल्या.

मावशी, तू लिहू नकोस म्हणाली होतीस तेच मी लिहिलं. उद्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन ताश्कंदला निघतो आहे.

रागावलीस तरी आम्हाला टाकू नकोस.
मुकाश

फ्रुंझे,
२४ ऑगस्ट

ती. मुकाशदादास,
बुरुलचा सलाम, वि. वि. मंडळाचा राजीनामा देऊन झाला. वर्षभर गाणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या जागी कोण उभी राहील ते राहो.

तुम्ही तिघं हॉटेलच्या दारात टोप्या नीट करत उभे होता तेव्हाच मला कळलं होतं. दादा, लेकीने वळणापासून आक्रोश करत घरी यायचं असतं. मी आले, तोंड उघडलं, आणि काहीच निघालं नाही. बायका वाट बघत बसल्या होत्या. वीस हजारांपुढे न अडखळणारा गळा माझ्याच दारात मुका झाला. महिनाभर घरात राहिले, तुझ्याशी धड बोलले नाही, पण भांडलेही नाही. भांडायचं बळ नव्हतं.

सोबत तुझी उन्हाळ्यातली सगळी पत्रं परत पाठवते आहे. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. आईचं कोणतं आणि तुझं कोणतं, मला वेगळं करता येत नाही. तू पेन्सिल घे आणि जे खरंच ती बोलली असेल त्याच्याखाली रेघ मार. एक ओळ निघाली तरी पुरे.

वाट बघते.
बुरुल

तोसोर,
१ सप्टेंबर

चि. बुरुल हीस अ. उ. आ.
पेन्सिल घेऊन तीन दिवस बसलो. सगळी पत्रं परत पाठवतो आहे. एकाही ओळीखाली रेघ नाही. जूनच्या पाचपासून पुढचं सगळं माझं आहे.

पण त्याच्याही आधीचं एक खोटं आहे. दोन जूनला आई काही बोलली नाही असं मी लिहिलं. ती बोलली होती. मी तुला पत्र लिहायला बसलो तेव्हा तिने भिंतीला टेकून मला थांबवलं आणि हे लिही म्हणून सांगितलं. मी हो म्हणालो आणि लिहिलं नाही. पंधरा दिवसांत ती उठणार होती, पाच दिवसांवर तुझा कार्यक्रम होता. बरी झाली की स्वतःच सांगेल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. मग ते कोणत्या तोंडाने लिहायचं, म्हणून बाकीचं रचत गेलो. मावशीलाही हे ठाऊक नाही.

तिचं वाक्य एका शब्दाचा फरक न करता लिहितो:

"बुरुलला लिही, राग गेलेला नाही, तरी ये. माझी वेळ आली आहे, आणि माझ्यासाठी रडायला मला तिचाच आवाज हवा."

याच्याखाली रेघ मारली आहे. लोभ मागायला मला तोंड नाही.
मुकाश