चौथा पाय

तीर्थरूप दादास धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. खोली हवेशीर आहे, शेजारचा वेल्डर घोरतो एवढंच. वहिनीची कंबर कशी आहे? चिमी पाढे म्हणते का?

आपल्या कंपनीने इथे परमुलखात नवा कारखाना काढलाय. त्यातल्या एका मशीनचा पाया मला घालायला दिला. टायर साच्यात भाजायचं मशीन, तिकडच्या जुन्या कारखान्यात तुझ्याकडे आहे तसलंच. नकाशात त्याचे तीन पाय सारखे आणि चौथा चार बोटं आखूड आहे. साहेबांना वाटलं, छापताना चुकलं. वरून उत्तर आलं, नकाशा बरोबर आहे.

दादा, तुझ्या मशीनचा मोडका पाय बाबांनी कापून जोडला, तेव्हा बॅटरी धरून मीच उभा होतो.

माणसं येऊन मशीन मापून गेली, आता सर्व्हिसिंग होणार म्हणून सगळे खूश आहेत, असं तू लिहिलंस. ते सर्व्हिसिंगवाले नव्हते रे.

आईला इतक्यात काही बोलू नकोस. तू मात्र दुसरीकडे कामाचं विचारून ठेव.

काँक्रीट मीच ओतलंय, चौथ्या पायाखाली चार बोटं उंच. ते पक्कं व्हायला अठ्ठावीस दिवस लागतात, मग त्यावर मशीन आणून बसवणार. आज अकरावा आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा विसावा उजाडलेला असेल.

तुझा,
धाकटा